शालिकरामची बिनहवेची फटफटी

शालिकराम ढोके हा ढोरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. मूळचा लोधीखेड्याचा, बदलीवर पांढुर्ण्यात आला तो १९८४ च्या उन्हाळ्यात. उंच, बारका, आणि चालताना उजवा खांदा थोडा खाली, कारण त्या खांद्याला कायम बर्फाचा रुंद तोंडाचा थर्मास लटकलेला असे. थर्मास नसला तरी खांदा खालीच. त्याची बायको सुशीलाबाई म्हणे, "लग्नात सरळ होता हा माणूस, मी पाह्यला होता."

माझं तेव्हा बस-स्टँडसमोर पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कडुनिंब, त्याला टांगलेले तीन टायर, पाण्याचं घमेलं आणि एक बाकडं. बाकड्यावर गिऱ्हाइकापेक्षा बिनकामाची माणसं जास्त. मी शिकलो सातवीपर्यंत, ते खेड्यातल्या शाळेत. बाकीचं शिक्षण त्या बाकड्यावर झालं. शालिकराम गिऱ्हाईक म्हणून आला आणि बघता बघता बाकड्यावरचा झाला, कारण उन्हाळ्यात त्याची सरकारी फटफटी आठवड्यातून चारदा माझ्याकडे येई. एकदा त्याच्या एका ट्यूबमधून मी एकोणीस काटे काढले. ट्यूब पाण्यात बुडवली तर घमेलं चुलीवर ठेवल्यासारखं उकळायला लागलं. बाकड्यावरचे लोक उठून पाहायला आले.

काट्यांचं कारण असं. तिगावच्या पुढे डांबरी रस्त्यानं अकरा किलोमीटर गेलं की उजवीकडे बोरपाणीचा गाडरस्ता फुटतो. तो आठ किलोमीटर. पेरणीच्या आधी त्या भागातले लोक शेताचं कुंपण नवं करतात. बोरीच्या, बाभळीच्या फांद्या तोडतात, त्यांचा मोठा भारा बांधतात आणि तो गाडीत भरत नाहीत, कारण भरणार कोण आणि उतरवणार कोण, अंग सोलून निघतं. भारा दोरानं गाडीच्या मागे बांधायचा आणि बैलांनी तो ओढत न्यायचा. त्याला काटी ओढणं म्हणतात. काटी शेतात पोचते, पण निम्मे काटे रस्त्यात पडतात. बैलाच्या खुराला त्याचं काही नाही. माणसाच्या पायात जाड वहाण असते. राहता राहिली शालिकरामची फटफटी.

आणि नेमके तेच पंधरा दिवस घटसर्पाच्या सुईचे. घटसर्पात बैलाचा गळा सुजतो, श्वास घोरायला लागतो, सकाळी चारा खाल्लेलं जनावर संध्याकाळी आडवं होतं. हा रोग पावसाच्या तोंडी येतो. आधी सुई टोचली तर टळतो. पण सुईचं औषध थंड राहिलं पाहिजे, गरम झालं की त्यात काही राहत नाही. म्हणून थर्मास. बर्फ नागपूरहून सकाळच्या पॅसेंजरनं भुशाच्या पोत्यात येई. तो फोडून थर्मासात भरायचा, मध्ये औषधाच्या बाटल्या ठेवायच्या आणि निघायचं.

बोरपाणीत मात्र नुसता बर्फ नेऊन भागत नसे. शालिकराम यायच्या दोन वर्षं आधी दुसराच एक कंपाउंडर तिथं गरम झालेलं औषध टोचून आला होता. आषाढात गावातले सात बैल गेले. तेव्हा गावानं बसून ठरवलं की यापुढे सुई टोचायच्या आधी थर्मासातला बर्फ हातानं पाहायचा. डोळ्यानं नाही, हातानं. आणि हात रामाजी कुंभारेचा. रामाजी गावातला जाणता माणूस, सात बैलांपैकी दोन त्याचे. त्यानं थर्मासात हात घालायचा, बर्फ लागला तर "हाये" म्हणायचं, मग लोकांनी बैल सोडून आणायचे. रामाजीनं "हाये" म्हटलं नाही तर कलेक्टर आला तरी बैल खुंट्यालाच.

दुसरा एखादा सरकारी माणूस या अटीवर चिडला असता. शालिकराम पहिल्यांदा गेला तेव्हा एवढंच म्हणाला, "बरोबर आहे काकाजी. मी असतो तं दोन्ही हात घातले असते."

पण १९८५ साली त्याच गाडरस्त्यात त्याला तीन पंक्चर झाले. दोन त्यानं स्वतः काढले, तिसऱ्याला ठिगळ चिकटवायचं सुलोचन संपलं. फटफटी ढकलत तो गावात पोचला तेव्हा दुपार कलली होती. रामाजीनं हात घातला.

"हे तं पानी हाये," रामाजी म्हणाला. "आंघोळीचं."

शालिकरामनं बाटल्या मोजून परत पिशवीत टाकल्या, रजिस्टरात 'खराब' लिहिलं आणि आला तसा परत गेला. औषध दुसऱ्यांदा छिंदवाड्याहून येईपर्यंत पाऊस लागला, नाल्याला पूर आला, रस्ता बंद. त्या आषाढात बोरपाणीत चार बैल मेले. एक रामाजीचा तांबडा होता. गावानं शालिकरामला बोल लावला नाही. पण पोळ्याला तो तिकडून गेला तेव्हा त्याला रिकामे खुंटे दिसले, आणि तो सरळ माझ्या बाकड्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "हिरामणभाऊ, पुढच्या वर्षी बर्फ पोचलाच पाहिजे. काही कर."

मी काय करणार? जाड ट्यूब टाकली. दोन ट्यूब एकात एक घातल्या. टायरच्या आतून जुन्या टायरची पट्टी लावली. बाभळीचा काटा सगळ्यांतून पार जाई.

पुढच्या संक्रांतीच्या सुमारास मुकुंद गुरुजी एक मासिक घेऊन आले. गुरुजी शाळेत भूगोल शिकवत आणि संध्याकाळी माझ्या बाकड्यावर. मासिकात वाळवंटातल्या शर्यतीचं चित्र होतं, फटफट्या दगडाधोंड्यांतून उडत होत्या. गुरुजींनी खालचा मजकूर वाचून दाखवला: या गाड्यांच्या टायरमध्ये ट्यूब नसते, हवाही नसते, फोमचं कडं भरलेलं असतं, त्यामुळे काटा शिरला तरी गाडी थांबत नाही.

बाकड्यावरचे हसले. शालिकराम हसला नाही. त्यानं मासिक मागून घेतलं, चित्राला नाक लावून पाहिलं आणि विचारलं, "फोम म्हणजे गादीतला?"

गुरुजी म्हणाले, "तेवढं लिहिलं नाही."

तर आम्ही गादीतला घेतला. टायरमध्ये कोंबून कोंबून भरला, शालिकराम बसला आणि बस-स्टँडवरून रेल्वे फाटकापर्यंत गेला. परत आला तेव्हा टायर पोळीसारखा चपटा आणि रिम जमिनीला लागलेली. गादीचा फोम हा बसायचा, चालायचा नाही, हे पहिलं शिक्षण.

दुसरं शिक्षण सुशीलाबाईंकडून मिळालं, पण त्यांच्या मनात ते नव्हतं. त्यांचा भाऊ नागपुरात चपलांच्या कारखान्यात होता. स्लिपरचा तळवा असतो ना, निळा-पांढरा, दाबला की दबतो आणि सोडला की परत येतो? त्याच्या मोठ्या शीटमधून तळवे कापतात, उरलेला भाग फेकतात. भावानं बहिणीला पायपुसणं करायला म्हणून असल्या उरलेल्या शीटांचं पोतं पाठवलं होतं. शालिकरामनं दारात पाय पुसला, मग खाली वाकून ते दाबून पाहिलं आणि पायपुसणं काखेत मारून सरळ माझ्याकडे आला. मागून सुशीलाबाई.

"भाऊजी, तुमीच सांगा याइले," त्या म्हणाल्या. "दुनिया चपला पायात घालते, हे चाकात घालून राहिले."

आम्ही त्या शीटांच्या पट्ट्या कापल्या, सुलोचन लावून एकावर एक चिकटवल्या, टायरच्या पोटाएवढी जाड दोन कडी केली. ठिकठिकाणी पावलांच्या आकाराची भोकं होती, ती तुकड्यांनी बुजवली. मग भरणं. सांगतो, त्यापेक्षा म्हशीला खाटेवर झोपवणं सोपं. साबणाचं पाणी लावून, लोखंडी पट्ट्या अडकवून, टायरवर चार माणसं बसवून एक चाक अर्ध्या दिवसात भरलं. गुरुजी धोतर सावरून टायरवर उभे राहिले होते. पण भरलं. अंगठ्यानं दाबलं तर हवा भरल्यासारखं लागलं. शालिकराम गाडरस्त्यावर गेला, काट्यांवरून गेला, परत आला. टायरमधून मी सत्तावीस काटे काढले, तरी टायर ताठच्या ताठ. सत्तावीस! मी दुकान बंद करायचा विचार बोलून दाखवला तर लोकांनी चहा मागवला.

मात्र दोन-चार दिवसांनी चाक डुगडुगायला लागलं. उघडलं तर आत कडं टायरला घासून घासून निळं पीठ पडलेलं. घासतं तर वंगण पाहिजे, हे मला समजलं. मी मिस्तरी माणूस, बेअरिंगला लावतात ते ग्रीस भरपूर चोपडलं. आठवड्यानं उघडलं तर कडं फुगून चिकट झालेलं, शिळ्या पिठल्यासारखं. बोट घातलं की बोटाला येई. एक पोतं शीट वाया गेलं. शालिकरामनं मेव्हण्याला दुसरं पत्र लिहिलं.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी रामाजी आला. डोक्याला पागोटं, हातात पिशवी. गावात बातमी पोचलीच होती.

"काय हिरामण, गाडीले चपला घालून राहिले म्हणे तुमी?"

"घातल्या होत्या काकाजी. ग्रीसनं खाल्ल्या."

रामाजीनं त्या चिकट गोळ्याला काडी लावून पाहिलं. "गिरीस काहून लावता बाप्पा? आमी गाडीच्या आखाले एरंडेल लावतो. माह्या बापानं लावलं, आज्यानं लावलं. आख काही खाल्ला गेला नाही." एवढं म्हणून तो मिरच्या घ्यायला निघून गेला. त्याच्या लेखी हा विषय तिथंच संपला.

दुसरं पोतं आलं, नवी कडी केली आणि आम्ही एरंडेल लावलं. पंधरा दिवस गाडरस्त्यावर फिरवलं, उघडून पाहिलं, कडं जसंच्या तसं. फक्त फटफटी जिकडे जाई तिकडे जुलाबाच्या औषधाचा वास येई, आणि दवाखान्यातले साहेब नाक धरून तिच्या बाजूनं जात.

जेठ महिन्यात औषध आलं. बोरपाणीचा दिवस ठरला. आता इथं आम्ही जी चूक केली ती मी लपवत नाही. पहिलीच खरी फेरी, म्हणून शालिकराम म्हणाला, "हिरामणभाऊ, तू मागे बस. वाटेत काही झालं तं?" मलाही ते पटलं. मी माझी पिशवी घेतली: लोखंडी पट्ट्या, हातोडी, सुलोचन, रबराचे तुकडे, कानस, दोन ट्यूब आणि पंप. दोन्ही चाकांत हवेचा थेंब नाही, आणि आम्ही पंप घेऊन चाललो होतो! इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. मी तेव्हा बारीकही नव्हतो.

शालिकरामची सवय वेगळी. दोन वर्षं तो गाडरस्त्यात वेळ घालवत आला होता, आणि तो वेळ भरून काढायची जागा म्हणजे डांबरी रस्ता. डांबर लागलं की त्याच्या हातून रेसची मूठ आपोआप पिळली जाई. त्या दिवशीही पिळली. थर्मास माझ्या मांडीवर, पंप माझ्या पाठीला टोचतोय, आणि आम्ही पन्नासनं चाललोय. तिगाव मागे पडलं. मी कानात ओरडलो, "मस्त चालून राहिली!" तो म्हणाला, "चपला आहेत ना!"

आम्ही सगळी परीक्षा गाडरस्त्यावर घेतली होती, हळू, एकट्यानं. डांबरावर जोरात, दोघांनी, लोखंडासकट कधी गेलोच नव्हतो. बोरपाणीच्या फाट्याच्या थोडं आधी वास आला. एरंडेलाचा होताच, त्यात आता जळक्या चपलेचा मिसळला. मागचं चाक ठकठक उड्या मारायला लागलं. फाट्यावर उतरलो, मी टायरला हात लावला आणि तसाच काढून घेतला. आतलं कडं तापून तुटलं होतं. पुढचं बरं होतं, कारण भार सगळा मागे, म्हणजे माझा.

ऊन चढत होतं. फाट्यावर एक पळस, त्याला पान म्हणजे असूननसून. शालिकराम टायरकडे पाहत होता आणि थर्मासकडे.

"चाक थंड झालं की हळूहळू चालंन," तो म्हणाला. "हे बसलं तरी पुरं बसत नाही. ट्यूब असती तं इथंच संपलं असतं."

"मग थांबू."

"थांबलो तं बर्फ जाते."

आमच्याजवळ पिण्याच्या पाण्याची एक बाटली होती. अर्धी त्यानं टायरवर हळूहळू ओतली, वाफ निघाली. मग त्यानं आपला सदरा काढला, उरलेल्या पाण्यात भिजवला आणि थर्मासला गुंडाळला. बनियनवर उभा राहून मला म्हणाला, "भाऊ, तू उतर. पिशवी पण उतरव."

"आठ किलोमीटर आहे शालिकराम."

"तुले चालता येते. बर्फाले येत नाही."

त्यानं थर्मास दोरानं पोटाशी बांधला आणि गेला. चाक ठपक ठपक वाजत होतं, पण जात होतं. मी पिशवी खांद्यावर घेऊन मागून निघालो. रस्त्यात निळा-पांढरा चुरा सांडत गेलेला. काटे इतके की ट्यूबची गाडी शंभर पावलं गेली नसती.

तास-दीड तास चाललो असेन, तर बाजूच्या शेतातून एक बैलगाडी रस्त्याला लागली, मागे बोरीचा हा एवढा भारा. गाडीवर रामाजी. मी हात केला.

"बस बाप्पा. फटफटीवाला मघाच गेला. उघडाच होता अंगानं. चपलेचा चुरा सांडत चालला होता."

"काकाजी, तुम्ही इथं काय करून राहिले? तो तिथं तुमच्याच हातासाठी बसला असेल!"

"आजच सुई हाये काय? मले वाटलं, चपलाच तपासून राहिला तो."

"आजच ना! बर्फ घेऊन आला. हाका, बैल हाका जोरात."

रामाजीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी बैलांत पंपानं हवा भरायला सांगितली. "उन्हात बैल पळवू? ज्याच्यासाठी सुई, त्यालेच मारू काय?"

गाडी आपल्या चालीनं चालली. भारा मागे खरडत होता. मी शेजारी बसून थर्मासातला बर्फ मनातल्या मनात मोजत होतो: आता नारळाएवढा, आता संत्र्याएवढा. म्हटलं, "मग काटी तरी सोडा इथं. बैलाले हलकं होईल."

अर्ध्या दिवसाची तोडलेली काटी होती ती. दुसऱ्यानं उचलून नेली तर गेली. रामाजीनं मागे वळून भाऱ्याकडे पाहिलं. मग खाली उतरला, दोर सोडला, भारा पायानं रस्त्याच्या कडेला ढकलला आणि परत चढला. बैलांनी आपणहून पाऊल उचललं.

गावात पोचलो तर चिंचेखाली तीस-चाळीस माणसं. मध्ये शालिकराम मांडी घालून, बनियनवर, ओल्या सदऱ्यातला थर्मास पोटाशी धरून. लोक त्याला म्हणत होते, "उघडून दाखव ना भाऊ, आहे की नाही थे." तो म्हणत होता, "काकाजी आल्यावरच. एकदा उघडलं की गेलं समजा." कोणी एक म्हणाला, "नसंनच आत काही." तरी त्यानं झाकण उघडलं नव्हतं. बैल सगळे खुंट्यालाच होते.

रामाजीनं पागोटं काढून ठेवलं. "सायेब, सदरा कुठी हाये?"

"बर्फाले घातला," शालिकराम म्हणाला, आणि झाकण उघडलं.

रामाजीनं हात आत घातला. मी जवळ उभा होतो. त्याचा हात एका बाजूला गेला, मग दुसऱ्या बाजूला, बाटल्या एकमेकींवर वाजल्या. शालिकराम त्याच्या तोंडाकडे पाहत होता. रामाजी चाचपडतच राहिला.

"हाये," तो म्हणाला.

लोक हलले, पण त्यानं हात काढला नाही. डोळे मिटून तो बर्फ मुठीत धरून बसला असावा; उन्हातून आलेल्या माणसाला ते बरंही वाटत असेल.

"हाये... हाये..." आणि मग, "आता नाही."

उरलेला लिंबाएवढा बर्फ त्याच्याच मुठीत विरघळला होता. कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी चिंच हसली. शालिकराम मात्र उठला, बाटली काढून गालाला लावली, थंड होती. "काकाजी, लवकर करा आता," तो म्हणाला. "तुमची मूठ गरम आहे."

रामाजीनं आपल्या गाडीची जोडी सोडून पहिल्यांदा आणली. थर्मासातल्या गार पाण्यातून एकेक बाटली काढत दिवस मावळायच्या आत एकशे नऊ जनावरांना सुई झाली. मी शेपट्या धरल्या. पंप तेवढ्यातही कोणाच्या कामी आला नाही. काटीचा भारा दुसऱ्या दिवशी जागेवरच सापडला. काट्याला हात लावायला जातो कोण?

त्या आषाढात बोरपाणीत एकही बैल घटसर्पानं गेला नाही. शालिकरामनं मागच्या चाकाला नवं कडं केलं आणि फटफटीच्या टाकीवर पांढऱ्या रंगानं लिहून घेतलं: 'डांबरावर हळू.' दवाखान्याच्या साहेबांनी विचारलं, सरकारी गाडीवर हे काय? तो म्हणाला, "साहेब, वाईट रस्त्यावर जोरात आणि चांगल्या रस्त्यावर हळू, असं आहे हिचं. मले विसर पडते." साहेबांनी मान हलवली आणि नाक धरून आत गेले. पुढे १९८९ मध्ये त्याची सौंसरला बदली झाली, तिकडे रस्ते बरे होते, त्यानं पुन्हा ट्यूब टाकल्या. दोन्ही कडी माझ्याकडे राहिली. बाकड्यावर बसायला ती चांगली आहेत.

पण बोरपाणीचा रिवाज मोडला नाही. १९८७ च्या जेठात शालिकराम एकटाच गेला, डांबरावर तीसच्या वर गेला नाही, सदरा अंगातच होता, थर्मासात बर्फ चांगला मुठीएवढा. रामाजी चिंचेखाली आधीच येऊन बसलेला. त्यानं बाही वर केली, थर्मासाच्या तोंडाशी हात नेला, थांबला, आणि चार बोटं मिटून एकच बोट आत घातलं. टेकवलं की लगेच काढलं.

"हाये," म्हणाला. "झाक लवकर."